न मारलेली हाक

“कशा दिसतात?” शामराव भाऊजींनी विचारलं.

मी एसटीतून उतरून पिशवी हातात घेऊन तशीच दुकानाकडे आले होते. माहेरी वडील आजारी होते, त्यांना जरा उतार पडला तशी परत फिरले. दुकानाच्या भिंतीला टेकवून आमच्या सगळ्या लाकडी शिड्या उन्हात उभ्या केल्या होत्या आणि सगळ्याच्या सगळ्या हिरव्यागार झाल्या होत्या. उभे दांडे, पायऱ्या, सगळं. तेलरंगाचा वास गल्लीभर सुटला होता.

“भाऊजी, हे काय केलंत?”

“रंग दिला. जुनाट दिसत होत्या. स्टँडजवळ ते नवीन दुकान निघालंय ना, तिथं ॲल्युमिनियमच्या शिड्या चकाकत असतात. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलंय. आता आपल्याही नव्या वाटतात की नाही बघ.”

कऱ्हाडच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत आमचं बांबू, वासे आणि शिड्या भाड्यानं द्यायचं दुकान होतं. ते यांनी सुरू केलं होतं. हे मूळचे सुतार. यातली प्रत्येक शिडी यांच्या हातची होती. पुढं कावीळ झाली आणि बघता बघता हे गेले. दुकान थोरल्या भावाच्या, म्हणजे शामराव भाऊजींच्या नावावर होतं, पण भाऊजींना लाकडातलं काही कळत नव्हतं. मला मूलबाळ नव्हतं, शिक्षण बेताचं होतं, पण यांच्यासोबत राहून लाकूड कळायला लागलं होतं. म्हणून गादीवर मी बसत असे. सगळ्या कऱ्हाडचे रंगारी, वायरमन, कौलं शाकारणारे मला वहिनी म्हणायचे.

हे असताना दुकानात एक रीत होती, ती मी मोडू दिली नव्हती. लाकडी शिडीला रंग लावायचा नाही. लावायचं तर जवसाचं तेल चोळायचं. तेलाखालून लाकूड दिसतं. भेग गेली, गाठ सुटली, कीड लागली, तर घेणाऱ्याला घेतानाच कळतं. रंगाखाली काही कळत नाही. हे भाऊजींना ठाऊक नव्हतं असं नाही. यांच्या तोंडून त्यांनीही ते कितीदा तरी ऐकलं होतं.

“मागच्या खोलीत एक वेगळी ठेवली होती,” मी म्हटलं. “दांड्याला काळी चिंधी बांधलेली. ती कुठाय?”

“ती पण रंगवली. चिंधी काढली सोडून.”

“तिच्या दांड्याला भेग होती, भाऊजी. जायच्या आधी मी तुम्हाला दाखवली होती. करवत द्या, दोन तुकडे करून टाकते म्हटलं, तर तुम्हीच म्हणालात, राहू दे, बघू.”

“म्हणालो असेन. भेगेत लांबीचा लगदा भरलाय चांगला दाबून. वरनं दोन हात रंग. आता कुठं दिसतीय का बघ.”

ते हसून बोलत होते. त्यांच्या मनात काही वाईट होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चांगली चालणारी वस्तू बाई उगीच मोडायला निघाली होती आणि आपण ती वाचवली, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि एकेक शिडी उचलून फरशीवर आपटून बघायला लागले. धड लाकूड खणखणीत वाजतं. भेगाळलेलं बद्द वाजतं, कितीही लांबी भरा. सगळ्या खणखणीत वाजल्या.

“ती यांत नाही. कुणी नेली?”

“सकाळी दशरथ बोराटे घेऊन गेला. उंच पाहिजे म्हणाला. मळ्याच्या रस्त्याला त्या मास्तरांचं दुमजली घर आहे ना, त्याचं बाहेरचं काम चाललंय त्याच्याकडं.”

“त्याला सांगितलंत?”

“काय सांगायचं त्यात?” भाऊजी म्हणाले. “वर्षानुवर्षं चाललीय ती शिडी.”

मी पिशवी तिथंच टाकून निघाले.

दशरथ बोराटे आमचं जुनं गिऱ्हाईक. रंगकामात त्याचा हात गावात नावाजलेला. घरी बायको रतन आणि दोन मुली. माणूस बोलघेवडा, पण शिडी घेताना गप्प व्हायचा. दोन्ही दांड्यांवरून वरपासून खालपर्यंत अंगठा फिरवायचा, प्रत्येक पायरीवर एकदा उभा राहायचा, मग म्हणायचा, “द्या वहिनी.” चढताना शिडीचं वरचं टोक दोरीनं बांधल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. इतर रंगारी त्याला हसायचे. सकाळीसुद्धा त्यानं अंगठा फिरवला असणार, वाटेनं मला सारखं तेच आठवत होतं. अंगठ्याला गुळगुळीत लागलं असणार.

रिक्षा मिळाली नाही. चालत, मधूनच पळत मी मळ्याच्या रस्त्याला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. मास्तरांचं घर लांबूनच दिसलं, अर्धं जुनं पिवळट आणि अर्धं नवं पांढरं. घराला कुलूप होतं, मंडळी गावाला गेली असावीत. बाजूच्या भिंतीला हिरवी शिडी लावलेली होती आणि तिच्या अगदी वरच्या टोकाजवळ, छपराखालच्या लाकडी पट्टीला दशरथ तेलरंग देत होता.

फाटकापासून हाक मारली असती तर त्याला ऐकू गेली असती. तोंडाशी आलेली हाक मी गिळली. शिडीवरच्या माणसाला खालून एकदम हाक मारायची नाही, हेही यांनीच मला शिकवलं होतं. तो वळून बघतो, आणि सगळं वजन एका बाजूला जातं. धड शिडीवरसुद्धा ते वाईट. मी चपला फाटकाशी काढल्या आणि आवाज न करता भिंतीपर्यंत गेले. शिडीच्या पायाला माझे दोन्ही पाय लावले, दोन्ही दांडे धरले आणि त्यानं खाली बघायची वाट बघत उभी राहिले.

त्या वेळी मी वर बघितलं. त्याच्या गुडघ्यांच्या जरा खाली, डाव्या दांड्याला जिथं गाठ होती, तिथं हिरव्या रंगावर एक केसासारखी रेघ उमटली होती. आतली लांबी फुटायला लागली होती.

ब्रश डब्यात बुडवायला त्यानं मान खाली केली आणि मी दिसले.

“अहो वहिनी? तुम्ही हिथं?”

“खाली या,” मी हळू आवाजात म्हटलं. “सावकाश. उजव्या बाजूला वजन ठेवून या.”

“काय झालं? घरी काही?”

“घरी काही नाही. शिडी बदलायची आहे.”

तो हसला. “नवी कोरी शिडी आहे की. सकाळी तुमच्या भाऊजींनी हातानं काढून दिली.”

“नवी नाही ती. तुम्ही या, मग सांगते.”

“येतो. एवढा हातभर कोपरा राहिलाय. रंग ओला आहे तोवर जोडून घेतो, नाहीतर उद्या डाग पडतो तिथं. धरून उभ्या आहात ना? मग काय भीती आहे.”

“भेग आहे दांड्याला,” मी म्हटलं. “आत्ता या.”

ते शब्द त्याच्यापर्यंत पोचले की नाही, मला आजवर कळलेलं नाही. त्यानं ब्रश असलेला हात डावीकडं लांब केला. लाकूड मोडताना आवाज फार मोठा झाला नाही. माझ्या हातातले दांडे हिसडले गेले, डबा माझ्या खांद्यावर आदळला आणि अंगावर पांढरा रंग ओतला गेला. वरचा भाग दोरीनं बांधलेला होता म्हणून तसाच लोंबत राहिला. दशरथ मात्र माझ्या डाव्या हाताला, मास्तरांच्या पाण्याच्या हौदाच्या काठावर पडला.

पलीकडच्या शेतातली माणसं धावत आली तेव्हा तो शुद्धीवर होता. कण्हत नव्हता. तो मला एवढंच म्हणाला, “वहिनी, पाय कुठं आहेत माझे?”

दवाखान्यात डॉक्टरांनी कमरेचं हाड मोडल्याचं आणि मणक्याला मार बसल्याचं सांगितलं. जीव वाचेल, डाव्या पायाचं आत्ता काही सांगता येत नाही म्हणाले. रतन आली. माझ्या अंगावर वाळलेला रंग बघून तिला आधी वाटलं की मीपण पडले. तिनं माझे दोन्ही हात धरले. “तुम्ही हुतासा म्हणून लगेच उचलून आणलं, वहिनी,” ती म्हणाली. “नाहीतर कुलूपबंद घरात किती वेळ पडून राहिला असता.” मी तिला काही सांगू शकले नाही. तिचे हात थंडगार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला बसले तर पाणी नेहमीपेक्षा कढत होतं. आणि पाण्याला नाही, पण न्हाणीघराला वास येत होता. मी तसंच लुगडं गुंडाळून बाहेर आले. परसात तांब्याचा बंब पेटलेला होता. माझी जाऊ, थोरली अक्का, चिमट्यानं जळण आत सारत होती. बंबाच्या तोंडातून बाहेर आलेला एक तुकडा अजून पुरता पेटला नव्हता. हिरवा होता, त्यावर रंगाचे फोड आले होते.

“अक्का, हे काय जाळताय?”

“मला काय ठाऊक. यांनी पहाटे जाऊन टेम्पोतनं आणलं, तोडलं आणि म्हणाले, बंबात घाल.” तिनं माझ्याकडं न बघता सांगितलं. “सगळ्यांच्या आंघोळी झाल्या त्यावर. तू शेवटची.”

भाऊजी ओसरीवर चहा पीत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर अशी उभी राहिले नव्हते.

“शिडी का जाळलीत?”

“मोडकी वस्तू. काय करायची ठेवून?”

“पोलीस विचारतील.”

“म्हणून तर.” त्यांनी कप खाली ठेवला. “हे बघ विमल. माणूस पडायचा तो पडला. मला काय वाईट वाटत नाही असं समजू नको. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण शिडी सडकी होती असं एकदा गावात झालं, की दुकान संपलं. तू खातेस ते त्याच दुकानावर. माझ्या भावानं उभं केलेलं दुकान आहे ते. त्याचं नाव घालवणार आहेस का तू?”

“त्यांचं नाव रंगाखाली गेलं, भाऊजी,” मी म्हटलं.

ते कप उचलून आत गेले.

मी तशीच दवाखान्यात गेले. रतन घरी मुलींकडे गेली होती. दशरथ पाठीवर पडून छताकडं बघत होता. मला बघून तोच आधी बोलला.

“तुम्ही खाली या म्हणत होता. मीच ऐकलं नाही. हातभर कोपऱ्यासाठी.”

“तुमचं काही चुकलं नाही,” मी म्हटलं, आणि खाटेशेजारी बसून सगळं सांगितलं. चिंधी, लांबी, दोन हात रंग. सकाळचा बंबसुद्धा.

उजव्या हाताचा अंगठा डोळ्यांसमोर धरून तो बघत राहिला.

“मी फिरवला होता,” तो म्हणाला.

“मला ठाऊक आहे.”

“काल संध्याकाळपासून मी स्वतःला शिव्या देत होतो, वहिनी. तेवढं तरी सोपं हुतं.” त्यानं डोळे मिटले. “रतनला आत्ता सांगू नका. मी सांगतो.”

“जमादार जबाब घ्यायला येतील. तुम्ही सांगा, मीपण सांगते. शिडी जाळली तरी आपण दोघं आहोत.”

“हो,” तो म्हणाला. “आपण दोघं आहोत.”

पुढचे काही दिवस भाऊजी रोज दवाखान्यात जात होते. जाताना फळं नेत, येताना गप्प असत. मला वाटलं, माणसाला पस्तावा झाला. दुकानात बसून मी खरवडणीनं आणि काचकागदानं एकेका शिडीचा रंग काढत होते. त्याला भाऊजींनी हरकत घेतली नाही, तेव्हा मला अजूनच बरं वाटलं. सात-आठ जणांच्या घरात एक माणूस चुकतो, मग सावरतो, असं मी मनाशी म्हणत होते.

जमादार दुकानातच आले. बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. चांगले वयस्कर गृहस्थ होते. मी घडलं तसं सांगायला लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, पण लिहिलं काहीच नाही.

“बाई,” ते म्हणाले, “तुमचं सगळं ऐकलं. पण बोराटेनं वेगळं सांगितलंय.”

“काय सांगितलंय?”

“शिडी चांगली होती म्हणाला. तुम्ही फाटकातनं मोठ्यानं हाक मारली. तो दचकून मागं वळला आणि तोल जाऊन पडला. शिडी त्याच्या वजनानं पडताना मोडली.”

मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मी म्हटलं, “मी हाक मारलीच नाही. मी चपला काढून गेले होते, आवाज होऊ नये म्हणून.”

“चपला कुणी बघितल्या?”

“कुणी नाही. घर बंद होतं.”

“मग मी काय करू, बाई?” ते आवाज न चढवता म्हणाले. “पडला तो. तुम्ही नाही. त्यानं स्वतः सांगितलंय, त्याची कुणाविरुद्ध तक्रार नाही. तुमच्याविरुद्धही नाही. मुद्दाम केलं नाही म्हणाला, बाईमाणूस, घाबरून ओरडली. तुमच्या दिरांनीही तेच सांगितलंय.” उठता उठता ते थांबले. “तुम्ही उगाच दिरांचं नाव घेऊ नका. घरातली भांडणं घरात मिटवावीत.”

भाऊजी आतल्या खोलीत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले नाहीत.

मी दवाखान्यात गेले तर रतन वॉर्डाच्या दारातच उभी होती. मला येताना तिनं लांबूनच बघितलं असावं. ती दारातून हलली नाही.

“आत जाऊ नका, वहिनी.”

“मला फक्त त्यांना एक विचारायचं आहे.”

“मला विचारा. मला सगळं ठाऊक आहे. भेग, लांबी, बंब. त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं.” ती हळू बोलत होती, आत आवाज जाऊ नये म्हणून. “तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्ही हाक मारली नाही. देवाच्या पायावर हात ठेवून सांगते, मला ठाऊक आहे.”

“मग असं का सांगितलं, रतन?”

“डॉक्टर म्हणाले, डावा पाय गेला. उजव्यावर कुबडी घेऊन उभा राहील. पुन्हा शिडीवर चढणार नाही. रंगाऱ्याला शिडी नाही म्हणजे काय आहे? मला दोन मुली आहेत.” तिनं पदरानं तोंड पुसलं, पण ती रडत नव्हती. “तुमचं खरं घेऊन मी काय करू? कोर्टात जाऊ? वर्षानुवर्षं? शिडीसुद्धा राहिली नाही दाखवायला. तुमचे भाऊजी म्हणाले, जबाब नीट दिला तर जन्मभराची सोय करतो. दुकानात बसवतो म्हणाले. बसून करायचं काम.”

“दुकानात कुठं बसवणार आहेत?”

“गादीवर.”

“तिथं मी बसते,” मी म्हटलं.

“ते मला ठाऊक आहे,” रतन म्हणाली.

तिच्या खांद्यावरून मला आतली खाट दिसत होती. दशरथनं तोंड भिंतीकडं केलं होतं. झोपलेला माणूस तसा झोपत नाही.

दशरथ कुबडी घेऊन चालायला लागेपर्यंत मी दुकानात बसले. नंतर एक दिवस भाऊजींनी मला सांगितलं की आता बाईमाणसानं बाजारात बसायची गरज नाही, अक्काला घरकामात मदत कर. गावात तोवर गोष्ट पसरली होती. बायका मला बघून मुलांना सांगायच्या, कुणी झाडावर, गच्चीवर असलं की खालून ओरडू नये, पिसाळांच्या विमलनं काय केलं बघा. त्यांत वाईट मनानं कुणी बोलत नव्हतं. कुणी कुणी मला समजावतही होतं की व्हायचं ते होतं, मनाला लावून घेऊ नको. सगळ्यांनी मला माफ केलं होतं. त्याचा त्रास शिव्यांपेक्षा जास्त झाला.

घर सोडताना मी कुणाशी भांडले नाही. सातारला एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, तिथंच राहायला खोली होती. मोठमोठ्या पातेल्यांत आमटी ढवळण्यात माझी वर्षं गेली. मुली येत, शिकून जात. त्यांच्यातल्या एकीलाही मी ही हकीगत सांगितली नाही. सांगून पटवायचं तरी कुणाला, आणि कशाच्या जोरावर?

शामराव भाऊजी गेल्याचं कळलं तेव्हा मी अक्काला भेटायला कऱ्हाडला गेले. अक्का खूप थकली होती. तिनं मला जवळ बसवलं, माझ्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, पण जुनं काहीही काढलं नाही. निघताना मी मुद्दाम बाजारपेठेमागच्या गल्लीतून गेले. दुकानाचं तोंड बदललं होतं, बाहेर ॲल्युमिनियमच्या शिड्या साखळीनं बांधलेल्या होत्या. गादीवर दशरथ होता. डोक्यावरचे केस गेले होते, पोट सुटलं होतं, कुबडी भिंतीला टेकवलेली. त्यानं मला लगेच ओळखलं.

“या वहिनी. बसा.” त्यानं शेजारच्या हॉटेलातून चहा मागवला.

मी बाकावर बसले. रतन बरी आहे म्हणाला. दोन्ही मुलींची लग्नं झाली, धाकटीला मुलगा झाला. मी सगळ्याला चांगलं झालं म्हणत होते, आणि ते खरंच चांगलं होतं. चहा आला. आम्ही दोघांनी घोटभर घेतला.

“भाऊजी गेले,” तो म्हणाला. “आता भ्यायचं कुणाला राहिलं नाही.”

“मग आता तरी एखाद्याला खरं सांगा. एकाला सांगितलं तरी चालेल.”

तो रस्त्याकडं बघत राहिला. एक हातगाडी गेली, ती जाऊ दिली.

“तसं ठरवलं हुतं मी,” तो म्हणाला. “भाऊजींच्या मागं अक्कांना सांगायचं, जावयांना सांगायचं. पण ते आता मला जमत नाही.”

“का?”

“गादीवर बसलेल्या लंगड्याला सगळेच विचारतात, कसा पडलास म्हणून. गिऱ्हाईक विचारतं, पाहुणे विचारतात, नवीन पोरं विचारतात. प्रत्येकाला तेच सांगत आलो. खालून हाक आली, वळून बघितलं, तोल गेला. सुरुवातीला सांगताना जीभ जड व्हायची. मान वर करून सांगता यायचं नाही. नंतर सवय झाली.” त्यानं कपातल्या चहाकडं बघितलं. “आणि आता, वहिनी, मला ती हाक ऐकू येते.”

“कुठून ऐकू येते?”

“तिथनंच. फाटकातनं. झोपेत येते, जागेपणी पण येते. मी वळतो आणि पडतो. तुम्ही शिडी धरून उभ्या हुता, आपण बोललो, ते मला आठवतं, पण कुणी सांगितल्यासारखं आठवतं. हाक मात्र स्पष्ट येते.”

“मी हाक मारली नव्हती, दशरथभाऊ.”

त्याच्या हातातला कप हिंदकळला. तो झटकन माझ्याकडं वळला.

“हां,” तो म्हणाला. “अगदी अशीच येते.”